शेजारचा माणूस बंदूक उचलतो तेव्हा

युक्रेनवर रशियाचं आक्रमण सुरू होऊन जेमतेम दीड दिवस झाला होता. २५ फेब्रुवारी २०२२. कीवच्या रस्त्यांवर ट्रक उभे होते आणि ट्रकमधून रायफली वाटल्या जात होत्या. रांगेतली माणसं आदल्या आठवड्यापर्यंत दुकान सांभाळत होती, वर्गात शिकवत होती, ऑफिसात बसून काम करत होती. एकट्या कीवमध्ये सुमारे १८,००० रायफली स्वयंसेवकांना दिल्याचं तेव्हाचे गृहमंत्री देनिस मोनास्तिर्स्की यांनी सांगितलं.

ही दृश्यं पाहून आपल्याकडेही अनेकांचा ऊर भरून आला. माझाही आला. पण मनात एक प्रश्न राहून गेला. रणगाडे, क्षेपणास्त्रं, ड्रोन यांच्या काळात साधी रायफल घेऊन उभ्या राहिलेल्या माणसाने नेमका काय फरक पडतो? आणि पडत असेल, तर युद्ध लांबल्यावर त्या माणसाचं आणि त्या रायफलीचं काय होतं? पहिल्या प्रश्नाचं उत्तर पुष्कळ ठिकाणी वाचायला मिळतं. दुसऱ्याकडे फारसं कुणी वळत नाही. माझ्या मते सगळी मेख त्या दुसऱ्या प्रश्नातच आहे.

आधी शब्द स्पष्ट करून घेऊ, कारण इथेच बहुतेकांची गल्लत होते. सैनिकी हा ज्यांचा पेशा नाही अशा नागरिकांनी उभी केलेली सशस्त्र तुकडी म्हणजे मिलिशिया. त्यात आपणहून आलेला तो स्वयंसेवक. सरकारने कायद्याने बोलावून घेतलेला तो सक्तीच्या भरतीचा सैनिक. पैशासाठी परक्या देशाच्या युद्धात उतरणारा तो भाडोत्री. गनिमी कावा ही तर लढण्याची रीत झाली, ती नियमित फौजही वापरते. मिलिशिया हा शब्द माणसं कशी जमली एवढंच सांगतो. आणखी एक गंमत म्हणजे युक्रेनमध्ये २०१५ पर्यंत ‘मिलित्सिया’ म्हणजे चक्क पोलीस. सोव्हिएत काळापासून चालत आलेलं ते नाव. त्यामुळे जुन्या बातम्या वाचताना जपून वाचावं लागतं.

मराठी माणसाला हा विषय समजायला दोन जुने शब्द पुरतात, शिलेदार आणि बारगीर. शिलेदार आपला घोडा आणि आपलं हत्यार घेऊन चाकरीला यायचा. बारगिराला घोडा आणि हत्यार सरकारी पागेतून, म्हणजे तबेल्यातून, मिळायचं. शिलेदाराला पगार जास्त, मानही मोठा. तरी शिवाजी महाराजांनी भर दिला तो पागेवर. कारण सरळ होतं. घोडा ज्याचा, माणूस त्याचा. सरकारी घोड्यावर बसलेला माणूस सरकारच्या हुकमात राहतो. स्वतःच्या घोड्यावर आलेला माणूस बिनसलं की घोडा वळवून घरी जाऊ शकतो. पुढे अठराव्या शतकात मराठी फौजांच्या मागून पेंढारी फिरू लागले. त्यांना पगारच नव्हता, लुटीवर पोट. त्यांनी गावांचे काय हाल केले ते माळव्यापासून खाली दक्षिणेपर्यंत लोकांनी सोसलं.

शिलेदार, बारगीर आणि पेंढारी या तीन अवस्था डोक्यात ठेवा. आजच्या कुठल्याही स्वयंसेवक पलटणीची गोष्ट यांच्यातच कुठेतरी घडते. युक्रेनमध्ये तर पहिल्या दोन्ही अवस्था दिसल्या आणि तिसरीच्या खुणाही दिसल्या.

सुरुवात २०१४ पासून करायला हवी. त्या फेब्रुवारीत राष्ट्राध्यक्ष यानुकोविच देश सोडून पळाले. लगोलग बिल्ले नसलेल्या गणवेशातले रशियन सैनिक क्रिमियात दिसू लागले आणि मार्चमध्ये रशियाने क्रिमिया आपल्यात सामील करून घेतला. एप्रिलमध्ये पूर्वेकडच्या दोनबास भागात सशस्त्र टोळ्यांनी सरकारी इमारती ताब्यात घ्यायला सुरुवात केली. स्लोव्हियान्स्क शहर घेणाऱ्या टोळीचा म्होरक्या इगोर गिरकिन हा रशियाच्या गुप्तचर सेवेतला माजी अधिकारी होता.

आणि युक्रेनचं सैन्य? भूदलाच्या ४१,००० माणसांपैकी लगेच लढायला उभी राहू शकतील अशी फक्त ६,००० आहेत, असं हंगामी संरक्षणमंत्र्यांनी त्या मार्चमध्ये सांगितलं. वीसेक वर्षं या सैन्याकडे कुणी लक्ष दिलं नव्हतं. गोदामातली सामग्री विकली गेली होती, गाड्या बंद पडल्या होत्या. या पोकळीत शिलेदार आले.

दोनबास, द्निप्रो-१, आयदार, आझोव, कीव-१ अशा डझनावारी पलटणी काही आठवड्यांत उभ्या राहिल्या. काही संरक्षण मंत्रालयाखाली, काही गृहमंत्रालयाच्या पोलिसांत, काही नव्याने उभारलेल्या नॅशनल गार्ड या सरकारी दलात. आणि काही कुणाच्याच खाली नाहीत. उजव्या विचारांच्या ‘राइट सेक्टर’ची पलटण अशीच बिननोंदणीची होती. कागदावरचं नाव कुठलंही असो, बूट, हेल्मेट, गाडी, डिझेल बहुतेकदा लोकवर्गणीतून यायचं.

या वर्गणीबद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण ‘स्वयंसेवक’ या शब्दाचा अर्धा अर्थ तिथेच आहे. कीवमध्ये संगणक क्षेत्रात काम करणाऱ्या वितालि देयनेहा यांनी २०१४ मध्ये सैनिकांसाठी अंगावर घालायची चिलखतं विकत घेतली आणि त्यावर लिहिलं, ‘पोवेर्निस झिव्हिम’. म्हणजे, जिवंत परत ये. त्या दोन शब्दांच्या नावाने पुढे देशातली सगळ्यात मोठ्या मदतसंस्थांपैकी एक उभी राहिली आणि तिने सैन्याला रात्री दिसणाऱ्या दुर्बिणींपासून ड्रोनपर्यंत सगळं पुरवलं. ड्रोन उडवायची आवड असलेल्या मंडळींनी ‘एरोरोझविद्का’ नावाचा गट काढला, शत्रूच्या जागा नकाशावर दाखवणारी यंत्रणा बांधली. शाळांत आणि वाचनालयांत बायका, म्हातारी माणसं, मुलं एकत्र बसून छलावरणाची जाळी विणू लागली. लाकडी चौकटीवर मासे धरायच्या जाळ्यासारखं जाळं ताणायचं, जुन्या कपड्यांच्या पट्ट्या कापायच्या आणि जाळ्याच्या एकेका घरातून ओवत जायचं. उन्हाळ्यात हिरव्या आणि मातकट पट्ट्या, हिवाळ्यात पांढऱ्या. एका जाळ्यावर अनेक हात तासन् तास चालतात, तेव्हा एक तोफ झाकली जाते. बंदूक घेऊन पुढे गेलेल्या माणसामागे अशी दहा माणसं उभी होती. मिलिशियाची चर्चा करताना आपण त्यांना मोजतच नाही.

लढाईत काय झालं? सुरुवातीला या पलटणींनी खरोखर देश तोलून धरला. जून २०१४ मध्ये मारियुपोल शहर परत घेण्यात आझोव पलटण नॅशनल गार्डबरोबर पुढे होती. पोलीस चौक्या ओस पडलेल्या, सरकारी अधिकारी कुणाच्या बाजूचे ते कळत नाही, अशा वेळी ‘हे शहर आमचं आहे’ म्हणणारे दोनशे हत्यारबंद लोक फार मोठा फरक पाडतात. समोर तशीच टोळी असेल तर.

मग ऑगस्टमध्ये इलोवाइस्क घडलं. दोनबास, द्निप्रो-१ आणि इतर स्वयंसेवक पलटणी या रेल्वे जंक्शनच्या गावात शिरल्या. त्यांच्याकडे रायफली होत्या, धैर्य होतं, थोडीफार हलकी तोफ होती. महिन्याच्या शेवटी सीमेपलीकडून रशियाचं नियमित सैन्य आलं आणि गावाला वेढा पडला. बाहेर पडायला वाट देण्याचं ठरलं. २९ ऑगस्टला पलटणी आणि सैनिक गाड्यांतून त्या वाटेने निघाले आणि दोन्ही बाजूंनी त्यांच्यावर मारा झाला. या लढाईत युक्रेनची ३६६ माणसं गेली, असा सरकारी तपासाचा आकडा आहे.

इलोवाइस्कने जे शिकवलं ते युद्धशास्त्राचं पहिलंच पान म्हणावं लागेल. सैन्य म्हणजे केवळ हत्यारबंद माणसांची बेरीज नसते. दूरवरून मारा करणाऱ्या तोफा, त्या तोफांशी बोलणारे रेडिओ, जखमीला तासाभरात शस्त्रक्रियेच्या टेबलावर पोहोचवणारी गाडी, रोज येणारं इंधन आणि दारूगोळा, आणि डावीकडची तुकडी कुठे आहे हे उजवीकडच्या तुकडीला ठाऊक असणं, या सगळ्याची साखळी म्हणजे सैन्य. स्वयंसेवक पलटण या साखळीची एक कडी होऊ शकते. आख्खी साखळी ती होऊ शकत नाही. इलोवाइस्कमध्ये वेगवेगळ्या मंत्रालयांखालच्या पलटणी एकाच गावात होत्या आणि त्यांचा एकमेकांशी धड मेळ नव्हता.

दुसरा धडा पागेचा. द्निप्रोपेत्रोव्स्कचे तेव्हाचे गव्हर्नर इहोर कोलोमोइस्की हे देशातल्या सर्वांत श्रीमंतांपैकी एक. द्निप्रो-१ पलटणीला त्यांच्या पैशाचा आधार होता आणि त्या वर्षी पूर्वेकडचं ते शहर टिकून राहण्यात त्यांचा वाटा होता, हे मान्य करावंच लागेल. पण मार्च २०१५ मध्ये कीवमधल्या सरकारी तेल कंपन्यांच्या कार्यालयांत त्यांच्या बाजूची मानली जाणारी हत्यारबंद माणसं शिरली. वाद देशाच्या सीमेचा नव्हता, कंपनीवर ताबा कुणाचा याचा होता. राष्ट्राध्यक्ष पोरोशेन्को यांनी त्याच महिन्यात त्यांना गव्हर्नरपदावरून दूर केलं आणि कुठल्याही गव्हर्नरच्या खिशात स्वतःचं सैन्य असणार नाही असं बजावलं. घोडा ज्याचा, माणूस त्याचा, ते हे असं.

पेंढाऱ्यांच्या खुणाही दिसल्या आणि त्या लपवून उपयोग नाही. आयदार पलटणीतल्या काहींनी लोकांना पळवून नेलं, कोंडलं, मारहाण केली, पैसे उकळले, हे ॲम्नेस्टी इंटरनॅशनल या मानवी हक्क संघटनेने सप्टेंबर २०१४ मध्येच उघड मांडलं. ‘तोर्नादो’ नावाची पोलीस कंपनी २०१५ मध्ये बरखास्त करावी लागली आणि छळाच्या गुन्ह्यांसाठी तिच्यातल्या माणसांना युक्रेनच्याच न्यायालयाने शिक्षा दिल्या. आझोवची स्थापना करणाऱ्यांत अतिउजव्या विचारांचे लोक होते. त्यामुळे अमेरिकेने २०१८ पासून या पलटणीला शस्त्रं द्यायला मनाई केली होती, ती २०२४ मध्ये उठली. ज्या देशावर अन्याय होतोय त्याच्या स्वयंसेवकांबद्दल असं लिहिताना मला बरं वाटत नाही. पण ज्याला प्रशिक्षण नाही, ज्याच्यावर वरिष्ठ नाही आणि ज्याला पकडून न्यायालयात उभं करणारं कुणी नाही, अशा हत्यारबंद माणसाच्या हातून हे होतं. तो कुठल्या बाजूने लढतोय याने त्यात फार फरक पडत नाही.

समोरच्या बाजूला तर ‘स्वयंसेवक’ हा शब्द पडद्यासारखा वापरला गेला. दोनबासमधल्या दोनेत्स्कच्या फुटीर सरकारचा प्रमुख झाखारचेन्को याने ऑगस्ट २०१४ मध्ये सांगितलं की त्याच्याकडे लढणाऱ्यांत सेवेतले रशियन सैनिकही आहेत आणि ते आपली सुट्टी इथे घालवतात. वाचकाने म्हणूनच कुठेही ‘स्वयंसेवक’ हा शब्द दिसला की विचारावं, रणगाडा कुणी दिला?

इथे कायद्याकडे वळतो. माझ्या मते या विषयातला सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात कमी बोलला जाणारा भाग हाच. युद्धात सैनिकाने शत्रूच्या सैनिकाला मारलं तर तो खून ठरत नाही. पकडला गेला तर तो युद्धकैदी होतो. त्याला खायला द्यावं लागतं, घरी पत्र पाठवू द्यावं लागतं, युद्ध संपल्यावर सोडावं लागतं. पण साध्या नागरिकाने हेच केलं तर शत्रू त्याला गुन्हेगार ठरवू शकतो. मग हातात रायफल घेतलेला शिक्षक यातला कोण?

हा प्रश्न जुना आहे. १८७०-७१ च्या युद्धात फ्रान्समधल्या गावकऱ्यांनी आणि नेमबाजी मंडळांनी जर्मन फौजांवर हल्ले केले, तेव्हा जर्मनांनी त्यांना सैनिक मानायला नकार दिला आणि पकडलेल्यांना गोळ्या घातल्या. पुढे १८९९ आणि १९०७ मध्ये हेग इथे नियम ठरले आणि १९४९ च्या तिसऱ्या जिनिव्हा कराराने ते पुढे नेले. मिलिशियाच्या माणसाला सैनिकाचे हक्क मिळतात, पण चार अटींवर. त्याच्यावर जबाबदार असा कुणी नायक हवा. लांबून ओळखू येईल अशी ठरलेली खूण अंगावर हवी. हत्यार उघड बाळगायला हवं. आणि युद्धाचे नियम पाळायला हवेत. शिवाय एक सवलत आहे. शत्रू अचानक चाल करून आला, संघटित व्हायला वेळच मिळाला नाही आणि अजून ताब्यात न गेलेल्या भागातले लोक आपणहून उठले, तर नायक आणि खूण नसली तरी चालते. हत्यार मात्र उघड हवं आणि नियम पाळलेच पाहिजेत.

आता २०२२ चे फोटो पुन्हा आठवा. युक्रेनच्या जवळजवळ प्रत्येक स्वयंसेवकाच्या दंडाला पिवळी चिकटपट्टी गुंडाळलेली दिसते. कुणाच्या अंगात शिकारीचं जाकीट, कुणाच्या साधी जीन्स, पण दंडावर पट्टी आहेच. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारं ते रीळ. त्या पट्टीने दोन कामं केली. आपल्याच माणसाच्या गोळीपासून वाचवलं, आणि ‘लांबून ओळखू येणारी खूण’ ही अटही पुरी केली. हेगच्या नियमांची एवढी स्वस्त अंमलबजावणी दुसरी नसेल.

पट्टी असूनही हक्क मिळतातच असं नाही. जून २०२२ मध्ये दोनेत्स्कच्या फुटीर न्यायालयाने युक्रेनच्या बाजूने लढणाऱ्या दोन ब्रिटिशांना आणि एका मोरोक्कोच्या तरुणाला ‘भाडोत्री’ ठरवून मृत्युदंड सुनावला. प्रत्यक्षात ते युक्रेनच्या नियमित सैन्यात भरती झालेले होते. सप्टेंबरमध्ये कैद्यांच्या अदलाबदलीत ते सुटले. आझोवला रशियाच्या सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२२ मध्ये दहशतवादी संघटना ठरवलं, म्हणजे पकडलेल्या सैनिकांवर खटले चालवायला वाट मोकळी झाली. तोवर आझोवला नॅशनल गार्डमध्ये येऊन साडेसात वर्षांहून जास्त काळ झाला होता.

२०१४ आणि २०२२ मधला मोठा फरक पागेचा होता. युक्रेनने मधल्या काळात शिलेदारांना बारगीर केलं. बहुतेक पलटणी सैन्यात, पोलिसांत किंवा नॅशनल गार्डमध्ये मिसळल्या. ‘राष्ट्रीय प्रतिकारा’चा कायदा २०२१ मध्ये झाला आणि १ जानेवारी २०२२ पासून लागू झाला. त्यातून प्रादेशिक संरक्षण दल हे सैन्याचं वेगळं अंग उभं राहिलं. शांततेत सुमारे १०,००० कायम माणसं, युद्धात १,३०,००० पर्यंत, एकूण २५ ब्रिगेड. दर जिल्ह्यातली माणसं आपल्याच जिल्ह्यात. ही घडी बसायला वेळ मिळाला तो जेमतेम आठ आठवडे. बऱ्याच ठिकाणी फॉर्म भरून घेणारा अधिकारी नेमला गेला होता, एवढंच.

तरी या दलाने पहिल्या दिवसांत काय केलं ते पाहण्यासारखं आहे. ठिकठिकाणी नाकी उभी केली आणि ये-जा करणाऱ्यांना ‘पाल्यानित्स्या’ म्हणायला लावलं. हे एका पावाचं नाव, पण रशियन जिभेला त्याचा नेमका उच्चार जमत नाही. पूल, पाण्याच्या टाक्या, वीज केंद्रं यांच्यावर पहारा बसवला. त्यामुळे नियमित सैन्याची माणसं त्या कामातून सुटली आणि आघाडीवर गेली. मिलिशियाचा खरा उपयोग बहुतेकदा असा रुक्ष असतो. कॅमेऱ्यात न येणारा.

वोझ्नेसेन्स्क हे दक्षिण बुग नदीवरचं पस्तीसेक हजार वस्तीचं गाव. तिथून साधारण तीस किलोमीटरवर दक्षिण युक्रेनचं अणुऊर्जा केंद्र आहे. मार्च २०२२ च्या सुरुवातीला रशियाची चिलखती तुकडी त्या दिशेने आली. गावच्या लोकांनी नगराध्यक्षांच्या पुढाकाराने रस्त्यांवर दगड, टायर, वाळूची पोती टाकून वाटा बंद केल्या होत्या. सैन्याने मेर्त्वोवोद नदीवरचा पूल उडवला. रशियन गाड्या कुठे थांबल्यात ते स्थानिक लोक आणि प्रादेशिक दलाची माणसं फोनवरून कळवत राहिली आणि नियमित तोफखाना त्या जागी मारा करत राहिला. दोन दिवसांत रशियन तुकडी मागे फिरली, आपली बरीच वाहनं तिथेच टाकून. इथे इलोवाइस्कच्या नेमकं उलट घडलं. गावकऱ्यांनी सैन्याचं काम केलं नाही. जे सैन्याला ठाऊक नव्हतं ते त्यांनी पुरवलं. कुठली पायवाट कुठे निघते, कुठल्या घरात कोण राहतं, रात्री कुठल्या शेतात इंजिनाचा आवाज आला.

दक्षिणेकडच्या खेर्सोन शहरात ही साखळी तुटली. १ मार्च २०२२ ला शहराच्या कडेला, लायलॅकच्या झाडांमुळे ओळखल्या जाणाऱ्या बागेत, प्रादेशिक दलाचे स्वयंसेवक रायफली आणि पेट्रोलच्या बाटल्या घेऊन दबा धरून बसले होते. नियमित सैन्य शहरातून निघून गेलं होतं. समोरून चिलखती गाड्या आल्या. बागेतले बरेच जण तिथेच मारले गेले आणि दुसऱ्या दिवशी शहर पडलं. वोझ्नेसेन्स्कचे लोक आणि खेर्सोनचे लोक यांच्या धैर्यात मला तिळभरही फरक दिसत नाही. एकांच्या मागे तोफा होत्या, दुसऱ्यांच्या मागे कुणीच नव्हतं.

पुढे मे २०२२ मध्ये कायदा बदलला आणि या दलाला जिल्ह्याबाहेर आघाडीवर पाठवायची मुभा मिळाली. आपलं गाव राखायला नाव नोंदवलेली माणसं काही महिन्यांत पूर्वेकडच्या सेवेरोदोनेत्स्क आणि बाखमुतच्या खंदकांत होती. युद्ध लांबलं की हे असंच होत जातं. स्वयंसेवक हळूहळू सैनिक होतो, आणि आलेले स्वयंसेवक कमी पडू लागले की सरकारला सक्तीकडे वळावं लागतं. एप्रिल २०२४ मध्ये युक्रेनने सक्तीच्या भरतीचं किमान वय २७ वरून २५ वर आणलं. पहिल्या आठवड्यातल्या रांगा कायम टिकत नाहीत. टिकतील असं धरून कुणी युद्धाचा हिशेब मांडू नये.

फोनचा उल्लेख वर आला, त्याने एक अवघड गाठ बांधली आहे. मार्च २०२२ मध्ये युक्रेन सरकारने ‘ये-वोरोह’ नावाची सोय सुरू केली. शत्रूची वाहनं दिसली तर नागरिकाने मोबाइलवरून फोटो आणि ठिकाण पाठवायचं. लाखो लोकांनी ते केलं. आता खिडकीतून रणगाड्याचा फोटो पाठवणारी आजी नागरिक की लढवय्यी? नागरिक जोवर लढाईत थेट भाग घेत नाही तोवरच त्याला संरक्षण, असं कायदा म्हणतो. फोटो पाठवणं हा ‘थेट भाग’ धरायचा का, यावर कायदेपंडितांत एकमत नाही. व्यापलेल्या गावात मात्र रशियन सैनिक थेट फोन उघडून पाहायचे, आणि ज्याच्या फोनमध्ये असे फोटो सापडले त्याची धडगत नसे. आजच्या युद्धात मिलिशियाची कड बंदुकीपाशी संपत नाही. ती खिशातल्या फोनपर्यंत आली आहे.

शिलेदार पागेत आणले नाहीत तर काय होतं याचं इराक हे ठळक उदाहरण. १० जून २०१४ ला मोसुल शहर इस्लामिक स्टेटच्या हाती पडलं. सैन्य पांगलं. १३ जूनला शियांचे सर्वोच्च धर्मगुरू अयातोल्ला सिस्तानी यांच्या वतीने करबलात आवाहन झालं की देश वाचवायला पुढे या आणि सुरक्षा दलांत सामील व्हा. हजारो तरुण आले. पण बरेचसे गेले ते आधीपासून असलेल्या पक्षांच्या आणि गटांच्या सशस्त्र संघटनांत. यातून ‘हश्द अल-शाबी’ ही या गटांची एकत्र फौज उभी राहिली. इस्लामिक स्टेटला हरवण्यात तिचा वाटा मोठा. २०१६ मध्ये कायद्याने ती सरकारी दल झाली, सरकारी तिजोरीतून पगार सुरू झाला. पण तिच्यातल्या काही गटांची निष्ठा बगदादपेक्षा तेहरानकडे राहिली. घोडा सरकारचा झाला, लगाम मात्र दुसऱ्याच्या हातात. रशियातही असंच काहीसं घडलं. जून २०२३ मध्ये सगळ्या ‘स्वयंसेवी’ तुकड्यांनी १ जुलैपर्यंत संरक्षण मंत्रालयाशी करार करावा असा आदेश निघाला. वॅग्नर या भाडोत्री फौजेचा प्रमुख प्रिगोझिन याने नकार दिला, आणि दोन आठवड्यांत तो आपली माणसं घेऊन मॉस्कोच्या वाटेला लागला.

आपल्याकडचा धडा गडचिरोलीच्या सीमेपलीकडे आहे. २००५ मध्ये बस्तरमध्ये सलवा जुडूम सुरू झालं. माओवाद्यांविरुद्ध लोकांनी उत्स्फूर्त उठाव केला असं ते मांडलं गेलं. पुढे कोवळ्या आदिवासी पोरांना विशेष पोलीस अधिकारी म्हणून नेमलं, महिना ३,००० रुपये मानधन आणि हातात बंदूक. दोन्हीकडून गावं भरडली गेली, माणसं छावण्यांत आली किंवा शेजारच्या राज्यात पळाली. ५ जुलै २०११ ला सर्वोच्च न्यायालयाने ही व्यवस्था घटनाबाह्य ठरवली. अपुरं शिक्षण आणि तुटपुंजं प्रशिक्षण असलेल्या या पोरांना मरणाच्या तोंडी देणं हा त्यांच्या समानतेच्या आणि जगण्याच्या हक्कावर घाला आहे, असं त्या निकालाचं सार. उपाशी माणसाला ३,००० रुपये दाखवले की त्याने ‘आपणहून’ उचललेली बंदूक कितपत आपणहून असते, हा प्रश्न मला या सगळ्यात फार छळतो.

याच्या दुसऱ्या टोकाला आपला होमगार्ड आहे. डिसेंबर १९४६ मध्ये, दंगलींच्या काळात, मुंबई प्रांतात या दलाची सुरुवात झाली. मोरारजी देसाई तेव्हा प्रांताचे गृहमंत्री होते. नागरिकच, पण पोलिसांच्या मदतीला, ठरलेल्या गणवेशात, ठरलेल्या कायद्याखाली. विसर्जनाच्या रात्री गर्दी आवरताना पाण्याच्या बाटलीवर बारा तास काढणारा खाकीतला माणूस आपण पाहतो, तो बहुतेकदा पोलीस नसतो, होमगार्ड असतो. त्याला वेळच्या वेळी मानधन मिळतं का, पावसात रेनकोट मिळतो का, हे प्रश्न युक्रेनच्या पलटणींइतकेच खरे आहेत. जातकुळी एकच, आकार वेगळा.

युक्रेनमध्येही शेवटी प्रश्न कागदावर आला. २०१४ मध्ये बिननोंदणी पलटणींतून लढलेल्यांची नावं कुठल्याच यादीत नव्हती. जखमी झालेल्याला सैनिकाचा दर्जा नाही. मेलेल्याच्या घरच्यांनी नुकसानभरपाई मागायची तर आधी तो तिथे लढत होता हेच सिद्ध करायचं. साक्षीदार गोळा करायचे, फोटो दाखवायचे. अशा स्वयंसेवकांना लढवय्याचा दर्जा देणारी तरतूद संसदेने २०१९ च्या अखेरीस केली. तोवर पाच वर्षं गेली होती.

२०२२ मध्ये त्यांनी आधीच लिहून ठेवलं. ३ मार्चला झालेल्या कायद्यात नागरिकांना मिळालेली शस्त्रं वापरायची परवानगी आहे, आणि मार्शल लॉ, म्हणजे युद्धकाळापुरता लागू केलेला लष्करी कायदा, उठल्यापासून दहा दिवसांच्या आत ती परत करायची अटही आहे. मार्शल लॉ तिथली संसद दर काही महिन्यांनी वाढवत आली आहे, २०२५ मध्येही वाढवला. ट्रकमधून वाटलेल्या त्या रायफलींपैकी काही खंदकांत झिजल्या असतील, काही मेलेल्या माणसांबरोबर शत्रूकडे गेल्या असतील, काही घरातल्या कपाटावर असतील. मोजायचे ते दहा दिवस अजून सुरूच झालेले नाहीत.